उंदरांची देवघेव

उंदीर या प्राण्याविषयीं आपल्या घरांतून जीं दोन मतें एकाच वेळीं नांदत असतात, तीं एकमेकांशीं मुळींच जुळणारीं नाहींत. भाद्रपदांत मखरांतल्या मूर्तीच्या पायाशीं तो मोदकाकडे टक लावून बसलेला असतो आणि त्याच्यावरही दोन अक्षता पडतात; पण तोच माळ्यावर खुडबुडला कीं, घरांतील वडील माणसें सापळा शोधूं लागतात. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आल्यानंतर तर ‘उंदीर पडला’ ही बातमी म्हणजे बिऱ्हाड हलविण्याची खूणच होऊन बसली होती. परंतु हाच प्राणी वंशावळीचा दाखला बरोबर घेऊन विमानानें देशोदेशीं प्रवास करतो, त्याच्या देण्याघेण्यापायीं दोन विद्यापीठांचे वकील महिनेच्या महिने करारपत्रें लिहीत बसतात, आणि एकाद्या वाणाचा एकच नर शिल्लक उरला असें कळतांच मोठमोठ्या विद्वानांची झोंप उडते, हें आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. रोगसंशोधनासाठीं मनुष्यानें मुद्दाम घडविलेले हे उंदीर एकानें दुसऱ्यास द्यावे कीं न द्यावे, द्यावे तर कोणत्या अटींवर, आणि न दिल्यास नुकसान कोणाचें, या प्रश्नाची हकीकत येथें सांगावयाची आहे. वरवर पाहतां हा शास्त्रज्ञांच्या घरचा वाद दिसतो. पण ज्या घरांत कोणी कर्करोगानें अंथरूण धरलें असेल, त्या घराचाही त्याशीं संबंध पोंचतो.

या हकीकतीचा आरंभ एका शिक्षिकेपासून होतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत ग्रॅनबी नांवाचें एक खेडेंगांव आहे. तेथें अ‍ॅबी लॅथ्रॉप नांवाच्या बाईंनीं शिक्षिकेचा पेशा सोडल्यावर, विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं, उंदीर वाढवून विकण्याचा धंदा सुरू केला. रंगीबेरंगी उंदीर हौसेनें पाळण्याची तिकडे तेव्हां टूम होती. गिऱ्हाईक आधीं हौशी लोकांचें. पण लौकरच प्रयोगशाळांकडूनही मागण्या येऊं लागल्या. आपल्या कांहीं उंदरांच्या अंगावर विचित्र गांठी येतात, हें बाईंच्या नजरेंतून सुटलें नाहीं. त्यांनीं ते उंदीर शास्त्रज्ञांकडे पाठविले. लिओ लोब या पंडितानें त्या गांठी कर्काच्या असल्याचें ओळखलें, आणि पुढें त्या दोघांनीं मिळून अनेक निबंध प्रसिद्ध केले. मादीचें बीजकोश काढून टाकल्यास स्तनाच्या कर्काचें प्रमाण घटतें, हा महत्त्वाचा सिद्धांत त्यांतलाच. १९१८ सालीं बाई वारल्या. अध्यापकपद नाहीं, प्रयोगशाळा नाहीं, केवळ चौकस दृष्टि आणि नेमानें टिपणें ठेवण्याची संवय एवढ्या भांडवलावर एका बाईनें हें काम केलें.

लॅथ्रॉपबाईंचे उंदीर नेणाऱ्यांत हार्वर्ड विद्यापीठांतील मंडळी होती. तेथील क्लॅरेन्स कुक लिट्‌ल नांवाच्या तरुणानें १९०९ सालापासून एक प्रयोग चालविला, तो ऐकून आपल्याकडील वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतील. विवाह ठरवितांना आपण सगोत्र टाळतों, पित्याकडून सात आणि मातेकडून पांच पिढ्यांपर्यंत सापिंड्य पाहतों. लिट्‌लनें नेमकें याच्या उलट केलें. एकाच वेतांतील भाऊ आणि बहीण यांची जोडी लावावयाची, त्यांच्या पिलांची पुन्हां तशीच, आणि हा क्रम पिढ्यानुपिढ्या मोडावयाचा नाहीं. आरंभीं पुष्कळ पिलें दगावतात, कांहीं वांझ निघतात; तेव्हां स्मृतिकारांची भीति अगदींच अनाठायीं होती असें म्हणवत नाहीं. परंतु वीस पिढ्या हा नेम निभावला कीं जे उंदीर तगतात, ते आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकरूप होतात. शेंकडों उंदीर, पण जणूं एकाच उंदराच्या शेंकडों नकला. या एकरूपतेची किंमत संशोधकालाच कळते. एकच औषध मुंबईंत एकानें व बोस्टनमध्यें दुसऱ्यानें देऊन पाहिलें आणि निकाल निराळे लागले, तर दोष उंदराच्या जातीचा ही सबब मग उरत नाहीं. लॅथ्रॉपबाईंच्या उंदरांच्या वंशांतील ५७ क्रमांकाच्या एका मादीपासून १९२१ सालीं लिट्‌लनें काळ्या रंगाचा जो वाण काढला, तो ‘सी-५७-ब्लॅक’ या नांवानें आज जगभर सर्वांत अधिक वापरांत आहे. आणि २००२ सालीं उंदराच्या संपूर्ण जनुकसंचाचें वाचन प्रसिद्ध झालें, तेंही याच वाणाच्या एका मादीचें होतें.

१९२९ सालीं लिट्‌लनें मेन संस्थानांतील बार हार्बर या बेटावरच्या गांवीं, डेट्रॉइटच्या मोटार-कारखानदारांच्या देणग्यांतून, एक संशोधनसंस्था काढली आणि त्यांतील एका दात्याचें, रॉस्को जॅक्सन याचें, नांव तिला दिलें. त्याच वर्षीं अमेरिकेवर मंदीची कुऱ्हाड कोसळली. देणग्या आटल्या, तेव्हां पोट भरण्यासाठीं संस्थेनें आपले उंदीर इतर प्रयोगशाळांना विकावयास आरंभ केला. नाइलाजानें पत्करलेला हा उद्योगच तिचें सर्वांत मोठें कार्य ठरला. (हेच लिट्‌लमहाशय पुढें १९५४ पासून तंबाखूच्या कंपन्यांनीं स्थापिलेल्या शास्त्रीय मंडळाचे प्रमुख झाले आणि सिगारेट व कर्करोग यांच्या संबंधाविषयीं शंका काढीत राहिले. एकाच माणसाच्या हातून घडलेलीं हीं दोन कामें शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां मन खिन्न होतें.)

१९४७ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे आपल्या देशास स्वातंत्र्य मिळून दोनच महिने झाले असतां, त्या बेटावर मोठा वणवा पेटला. कोरडा पडलेला उन्हाळा, वाऱ्याचा जोर आणि भोंवतीं जंगल. आगीनें प्रयोगशाळेचा बहुतेक भाग गिळला आणि पिंजऱ्यांतील हजारों उंदीर जळून गेले. अठरा वर्षें निगुतीनें जतन केलेल्या वंशावळी एका दिवसांत राख झाल्या. इमारत पुन्हां बांधतां येते. पण वीस पिढ्या गमावलेला वाण विटा-चुन्यानें उभा राहत नाहीं. येथें संस्था मिटावयाची. ती मिटली नाहीं, याचें कारण आपल्या सुगृहिणींना चटकन् समजेल. घरचें विरजण कधीं बिघडलें, मांजरानें तोंड घातलें, तर आपण हताश होत नाहीं. महिन्यापूर्वीं शेजारणीनें आपल्याकडूनच वाटीभर नेलेलें असतें, तिच्याकडून चमचाभर परत आणतों आणि सकाळीं पुन्हां तेंच दहीं लागतें. बार हार्बरला नेमकें हेंच घडलें. ज्या ज्या प्रयोगशाळांनीं पूर्वीं येथून उंदीर नेले होते, त्यांनीं देशोदेशांहून त्यांचीच संतति जोड्या-जोड्यांनीं परत पाठविली, आणि जळालेले वाण पुन्हां पिंजऱ्यांतून नांदूं लागले. पुढें १९८९ सालीं तेथें पुन्हां आग लागून लाखों उंदीर मेले, तेव्हांही संस्था सांवरली.

त्याच सुमारास आपल्या मुंबईंत काय चाललें होतें? परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. खानोलकर यांच्या हाताखालीं एक मराठी विदुषी उंदरांच्या स्तनग्रंथींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं तपाशीत होती. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म १९१७ सालीं पुण्यांत झाला. हुजूरपागा आणि फर्ग्युसन येथें त्यांचें शिक्षण झालें. स्तनाचा कर्क होण्याची प्रवृत्ति ज्यांत कमीअधिक आहे अशा उंदरांच्या चार वाणांची तुलना हा त्यांच्या आरंभीच्या अभ्यासाचा विषय होता. शुद्ध वाण हातीं नसते तर ही तुलना करणेंच अशक्य होतें. पुढें इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर या संस्थेंत, तिच्याच आद्याक्षरांचें नांव धारण करणारा ‘आय. सी. आर. सी.’ हा उंदरांचा स्वतंत्र वाण जोपासला गेला, आणि त्यावर रणदिवेबाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुष्कळ काम केलें. १९८२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें.

आतांपर्यंतचे उंदीर निवडीनें घडलेले. निसर्गानें जें पुढें टाकलें त्यांतून वेंचलेले. पुढची पायरी जनुकांतच हात घालण्याची. १९७४ सालीं रुडॉल्फ येनिश व बिअ‍ॅट्रिस मिंट्‌झ यांनीं उंदराच्या कोंवळ्या गर्भांत विषाणूचें जनुकद्रव्य सोडलें, आणि तें वाढलेल्या उंदराच्या पेशींत टिकून असल्याचें दाखविलें. १९८० नंतर फलित बीजांडांत केसाहूनही बारीक कांचनळीनें परकें जनुक सोडण्याची युक्ति साधली. १९८२ सालीं ब्रिन्स्टर व पामिटर यांनीं मोठ्या जातीच्या उंदराचें वाढीचें जनुक लहान उंदरांत घालून त्यांतील कांहीं पिलें भावंडांच्या जवळजवळ दुप्पट आकाराचीं वाढविलीं, तेव्हां वर्तमानपत्रांना मोठाच विषय मिळाला. परंतु खरें सामर्थ्य आलें तें उलट दिशेनें. नवें जनुक घालण्यापेक्षां असलेलें एकच जनुक नेमकें हेरून तें निकामी करणें, आणि मग उंदरांत काय बिघडतें तें पाहणें. मार्टिन इव्हान्स, मारिओ कापेकी आणि ऑलिव्हर स्मिथीज यांनीं ही विद्या १९८९ पर्यंत सिद्ध केली आणि २००७ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. असा एक उंदीर घडविण्यास त्या काळीं एका संशोधकाचें वर्ष-दीड वर्ष सहज जाई.

आणि येथेंच मनुष्यस्वभाव आडवा येतो. ज्या विद्यार्थ्यानें दोन वर्षें खपून असा उंदीर तयार केला, त्याला तो दुसऱ्यास देतांना जड वाटलें तर नवल काय? अजून त्याचा स्वतःचा प्रबंध लिहून व्हावयाचा असतो. तोंच दुसऱ्या गांवची धनवान् प्रयोगशाळा तोच उंदीर नेऊन, दहा माणसें लावून, त्याच्या आधीं निष्कर्ष छापून मोकळी होते. शिवाय उंदीर जिवंत ठेवणें, त्याची पैदास करणें, पेटींत घालून पाठविणें, या सर्वांस खर्च येतो, तो कोणीं सोसावा? हे आक्षेप मला क्षुद्र वाटत नाहींत. पण सार्वजनिक पैशानें घडलेली वस्तु एकाच्या कपाटांत कुलुपबंद राहावी, हेंही कोणास पटणार नाहीं.

हा झाला व्यक्तीचा संकोच. कंपनीचा संकोच निराळ्या जातीचा असतो. हार्वर्डमध्यें फिलिप लेडर व टिमथी स्टुअर्ट यांनीं एक कर्कजनक जनुक घालून असा उंदीर निर्माण केला कीं, त्याच्या माद्यांना स्तनाचा कर्क होण्याचा संभव फारच वाढावा. १२ एप्रिल १९८८ रोजीं अमेरिकन सरकारनें या उंदराचें पेटंट दिलें. सस्तन प्राण्यावर दिलेलें हें जगांतील पहिलेंच पेटंट. त्याची व्याप्तिही अशी कीं, कर्काचें जनुक घातलेला मनुष्येतर कोणताही सस्तन प्राणी त्यांत सांपडावा. संशोधनास पैसा पुरविलेल्या ड्युपॉन्ट कंपनीकडे त्याचे हक्क गेले, आणि कंपनीनें अटी घातल्या: उंदीर दुसऱ्यास परवानगीवांचून द्यावयाचा नाहीं, चाललेल्या कामाचा वृत्तांत कंपनीस कळवावयाचा, आणि त्यांतून कांहीं विक्रीयोग्य निघाल्यास त्यांत कंपनीचा वांटा. म्हणजे विरजण देणाऱ्या शेजारणीनें तुमच्या घरच्या प्रत्येक ताकावर, कढीवर आणि श्रीखंडावर हक्क सांगावा तसें हें झालें. जनुक ठराविक अवयवांत, ठराविक वेळीं कापून काढण्याची ‘क्रे-लॉक्स’ नांवाची जी एक उत्तम कातरी निघाली, तिचेंही पेटंट याच कंपनीकडे होतें.

शास्त्रज्ञ खवळले. त्यांच्या वतीनें पुढें आले ते हॅरल्ड व्हार्मस; कर्काच्या जनुकांवरील शोधाबद्दल १९८९ चें नोबेल मिळविलेले आणि पुढें अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेचे संचालक झालेले गृहस्थ. वाटाघाटी वर्षानुवर्षें रेंगाळल्या. अखेर १९९८ सालीं क्रे-लॉक्सविषयीं आणि २००० च्या जानेवारींत कर्कजनक उंदराविषयीं करार झाले, आणि व्यापारी हेतु नसलेल्या संशोधकांनीं हे उंदीर कंपनीला कांहीं न देतां वापरावे व आपसांत वांटावे अशी मुभा मिळाली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें तर २००२ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं निर्णय दिला कीं, उंदरासारखा उच्च कोटीचा सजीव हा पेटंटयोग्य शोध होऊंच शकत नाहीं. पांच विरुद्ध चार! प्रश्न किती अटीतटीचा होता, हें त्या दोन आंकड्यांवरूनच ध्यानांत येतें.

या तंट्याचें एक अनपेक्षित फळ म्हणजे त्यानें अर्थशास्त्रज्ञांच्या हातीं एक आयता प्रयोग दिला. फिओना मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं करारापूर्वींचे आणि नंतरचे शास्त्रीय निबंध ताडून पाहिले. त्यांना असें आढळलें कीं, बंधनें सैल झाल्यावर त्या उंदरांवरील काम वाढलें, इतकेंच नव्हे तर पूर्वीं या वाटेस न गेलेले नवे संशोधक आले आणि त्यांनीं नव्या दिशा चोखाळल्या. मला या निष्कर्षांतील दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. काम वाढणें हें पैशानेंही साधतें; पण ज्याच्या मनांत निराळाच प्रश्न आहे अशा परक्या माणसाच्या हातीं वस्तु पडणें, हें दिल्यावांचून साधत नाहीं.

देण्याची व्यवस्था हल्लीं बरीच सुधारली आहे. १९९५ सालीं अमेरिकेंतील संस्थांनीं अशा देवघेवीसाठीं एक ठरीव मसुदा मान्य केला, त्यामुळें वकिलांचें काम थोडें हलकें झालें. २००४ पासून राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें अनुदान मागणाऱ्यास, घडविलेला प्राणी इतरांस कसा उपलब्ध करून देणार, हें आधींच लिहून द्यावयास लावलें. २००७ सालीं युरोप व अमेरिका खंडांतील संस्थांनीं उंदराच्या वीसएक हजार जनुकांपैकीं एकेक क्रमानें निकामी करून तें भांडार सर्वांस खुलें ठेवण्याचा संकल्प सोडला. अशा प्रत्येक वाणांत काय बिघडतें हें तपासून जाहीर करणारा आंतरराष्ट्रीय संघ २०११ पासून काम करीत आहे. रोमजवळ, जपानांत त्सुकुबा येथें, आणि अमेरिकेंत ठिकठिकाणीं अशा वाणांचीं कोठारें आहेत. कोठार म्हणतांना पिंजऱ्यांच्या रांगा डोळ्यांपुढें आणूं नयेत. १९७२ सालीं व्हिटिंगहॅम, लीबो व मेझर यांनीं उंदरांचे गर्भ शून्याखालीं १९६ अंशांपर्यंत थिजवून, पुन्हां ऊब देऊन, त्यांपासून जिवंत पिलें जन्मास घातलीं. तेव्हांपासून वाण टिकविण्यास उंदीर जिवंत असण्याची गरजच उरली नाहीं. काडीएवढ्या नळींत गर्भ किंवा नराचें बीज भरून ती द्रव नायट्रोजनांत बुडवून ठेवली कीं, वर्षानुवर्षें ना दाणा ना पाणी. परदेशीं पाठवावयासही हीच रीत उत्तम. कारण जिवंत उंदराबरोबर त्याचे रोगही प्रवास करतात आणि त्याला आधीं विलग ठेवावें लागतें.

थिजविण्याचा आणखी एक फायदा आहे. विरजण दुसऱ्या घरीं गेलें कीं कालांतरानें त्याची चव पालटते, हा अनुभव सर्वांचा आहे. उंदरांचेंही तेंच. १९५१ सालीं काळ्या वाणाची एक शाखा बार हार्बरहून राष्ट्रीय आरोग्यसंस्थेकडे गेली आणि दोन्हीं घरीं स्वतंत्र वाढली. रंग तोच, नांव जवळजवळ तेंच. पण २००५ च्या सुमारास उघडकीस आलें कीं, बार हार्बरच्या शाखेंत शर्करेच्या पचनाशीं संबंध असलेल्या एका जनुकाचा तुकडाच कधीं तरी गळून पडला आहे, आणि दुसऱ्या शाखेंत तो शाबूत आहे. मधुमेहाचा अभ्यास करणाऱ्यानें या दोन चुलत घराण्यांची गल्लत केली तर त्याच्या साऱ्या प्रयोगावर पाणी पडावयाचें. मूळचे गर्भ थिजवून ठेवले म्हणजे अधूनमधून पुन्हां त्या मूळ पिढीकडे परततां येतें.

पाणी पडण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. २०१२ च्या ऑक्टोबरांत सॅंडी नांवाच्या वादळाचें पाणी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या तळघरांतील उंदीरशाळेंत शिरलें आणि एका रात्रींत हजारों उंदीर बुडाले. ज्यांनीं आपले वाण आधीं इतरांना दिले होते, त्यांना ते इतरांकडून परत मागतां आले. जो वाण कोठेंच दिलेला नव्हता आणि थिजवूनही ठेवलेला नव्हता, तो गेला तो गेलाच.

इतका वेळ उंदरांच्या जिवाविषयीं मौन पाळलें, तें वाचकांच्या मनांत खुपत असेल. खुपावयासच हवें. ज्याला मुद्दाम कर्क होईल असा जीव घडविणें, ही गोष्ट कोणत्याही दयाळू माणसास स्वस्थ बसूं देणारी नाहीं. आपल्याकडे १९६० च्या कायद्यान्वयें स्थापन झालेल्या समितीकडे अशा संस्थांना नोंदणी करावी लागते. खारघरचें टाटांचें केंद्र असो वा पुण्याची ‘आयसर’ संस्था असो, उंदीरशाळा चालवावयाची तर हे नियम पाळावेच लागतात. प्राण्यांऐवजीं दुसरें साधन वापरा, प्राणी कमी वापरा, क्लेश कमी द्या, ही त्रिसूत्री रसेल व बर्च या दोघां इंग्रजांनीं १९५९ सालीं मांडली. तिच्यांतील मधलें सूत्र देवघेवीशीं थेट बांधलेलें आहे. एक वाण नव्यानें घडवावयाचा तर नको असलेल्या गुणांचीं कित्येक पिलें जन्मतात आणि मारलीं जातात. तोच वाण शेजारच्या शहरांत तयार असतां, केवळ मागावयाचा संकोच किंवा द्यावयाचा कंटाळा म्हणून तो पुन्हां घडविला गेला, तर त्या पिलांच्या मरणास विद्येचीही सबब राहत नाहीं.

आतां अखेरची गोष्ट. २००३ सालीं सार्स नांवाच्या फुप्फुसाच्या सांथीनें जग हादरलें होतें. आयोवा विद्यापीठांतील पॉल मॅक्रे व स्टॅन्ली पर्लमन यांनीं मनुष्याच्या पेशींवरील ज्या कुलपांतून तो विषाणु आंत शिरतो, त्या कुलपाचें जनुक उंदरांत घातलें आणि २००७ सालीं तें काम प्रसिद्ध केलें. तोंवर सांथ केव्हांच ओसरली होती. त्या उंदरांस फारसें कोणी विचारीना, आणि पुढें तो वाण थिजविलेल्या बीजाच्या रूपानेंच राहिला. २०२० च्या आरंभीं कोविडचा विषाणु आला, आणि तोही नेमक्या त्याच कुलपांतून शिरतो असें ठरलें. साध्या उंदराला तो मूळ विषाणु बाधत नसे. लस आणि औषधें पारखावयास जगभरच्या प्रयोगशाळांना हाच उंदीर हवा होता. पर्लमन यांनीं राखलेलें बीज बार हार्बरला पोंचलें. तेथें साध्या माद्यांच्या बीजांडांशीं प्रयोगशाळेंतच त्याचा संयोग घडविण्यांत आला, गर्भ दुसऱ्या माद्यांच्या उदरांत ठेवले, आणि त्या पिलांपासून पुढची पैदास भराभर वाढविली. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत त्या उंदरांच्या पेट्या, मागणीच्या क्रमानें, एकेका प्रयोगशाळेकडे रवाना होऊं लागल्या.